हरवलेल्या बोटीचे गाऱ्हाणे

काजूचा मोसम आला की आधी तो नाकाला कळतो. आज सकाळी जनेल उघडले आणि डोंगराकडून पिकल्या बोंडवांचा तो गोड, किंचित आंबूस, घशाला चिकटणारा वास घरात शिरला. रेवा, तू चार वर्षांची असताना या वासाला "कुणीतरी जॅम सांडलाय" म्हणाली होतीस. ईशान नाक दाबून अंगणात फिरायचा. तुम्ही दोघे आता टोरांटोत जाड कोट घालून शाळेची बस पकडत असाल. इथे कोरगावात मात्र ऊन तापू लागले आहे, लाल धूळ पायरीवर बसते, मी ती झाडते आणि ती पुन्हा बसते. मोपाचे विमानतळ झाल्यापासून विमाने डोक्यावरून इतकी खाली जातात की त्यांच्या पोटावरची अक्षरे वाचता येतील. प्रत्येक विमानाला मी मान वर करते. तुम्ही त्यात नाही हे मला ठाऊक असते, तरीही.

तुम्ही दर रविवारी विचारत होता, "आजी, बोट बघितलीस का?" मी दर रविवारी काहीतरी कारण सांगत होते. कधी वीज गेली, कधी नेट नव्हते, कधी पाहुणे आले. मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवले. मुलांची कारणे ऐकून खरे-खोटे ओळखणे हा माझा निम्मा व्यवसाय होता. त्यामुळे फोनवर रेवा "ओके, आजी" म्हणायची तेव्हा तिने काय ओळखले आहे ते मलाही ओळखता यायचे. म्हणून आज नीट लिहिते.

ज्या मालिकेला सारे जग तिच्या लांबलचक इंग्रजी नावाने ओळखते, तिला आमच्या घरात कायम 'बोट' म्हटले गेले. हे नाव तुमच्या आईने ठेवले. चित्रा तेव्हा अकरा वर्षांची होती. मालिका होती अंतराळातल्या एका फेरीबोटीची. ताऱ्यांजवळच्या वस्त्यांमधून माणसे, जनावरे, धान्याची पोती, वधू-वर, प्रेते, सगळे काही या काठावरून त्या काठावर नेणारी ती बोट. तिच्यावर तोफा नव्हत्या, ती युद्धाला जात नव्हती, फक्त वेळापत्रक पाळत होती. मला ती आवडली ती मुख्यतः या वेळापत्रकासाठी. चित्राला ती आवडली कारण आमच्या इथल्या फेरीबोटीवर जसा एक माणूस साखळी सोडायला उभा असतो, तसाच तिथेही एक होता आणि तोही कायम कंटाळलेला दिसायचा.

"आई, बघ, हा आपलाच माणूस!" ती ओरडली होती.

सुरुवातीचे भाग फार गरीब होते. भिंत पुठ्ठ्याची, कुणी धडकले की हलायची. चंद्र रंगवलेला होता आणि एकदा त्याच्या कडेला रंगाचा ओघळ आलेला आम्हाला स्पष्ट दिसला. तुमचे आजोबा आरामखुर्चीतून म्हणायचे, "जगातल्या सगळ्या बोटी कधी ना कधी सुटतात, तुमची ही काही सुटत नाही." अँटेना माडाच्या सावलीत बांबूवर बसवली होती. वारा सुटला की चित्रा बाहेर पळायची आणि बांबू हातात धरून उभी राहायची, मी आतून सांगायची, "डावीकडे, अजून थोडं, हां, आता हलू नकोस." मग मी काय घडते आहे ते मोठ्याने सांगायची आणि ती बाहेरून प्रश्न विचारायची. कित्येक भाग तिने असे नुसते ऐकूनच पाहिले आहेत. त्यातले काही तिने पुढे मोठेपणी खरोखर पाहिले तेव्हा म्हणाली, "तू सांगितलेले जास्त चांगले होते."

तीस वर्षांहून अधिक काळ ती मालिका चालली. मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली. कप्तान बदलले, नट म्हातारे झाले, काही वारले, पुठ्ठ्याच्या भिंती गेल्या आणि संगणकावरचे खरेखुरे वाटणारे चंद्र आले. आमचे वाद मात्र बदलले नाहीत. चित्राला पहिला कप्तान प्रिय, कारण तो नियम मोडायचा. मला दुसरी कप्तान प्रिय, कारण ती नियम मोडण्याआधी ते वाचायची. तिसऱ्या कप्तानाबद्दल आम्हा दोघींचे एकमत होते: त्याला साधी होडीसुद्धा देऊ नये. चित्रा शिकायला पुण्याला गेली, नोकरीला गेली, लग्न करून तिकडे गेली, तुम्ही झालात. आमचा एक नियम होता, पुढचा भाग एकटीने बघायचा नाही. माझी संध्याकाळ आणि तिची सकाळ. दोन्हीकडे एकाच क्षणी सुरू करायचे, फोन कानाशी. तिच्या बाजूने दूध उतू गेल्याचा आवाज, ईशानचे रडणे, तुमच्या बाबांचे "अरे, माझे मोजे कुठे आहेत?" आणि माझ्या बाजूने पोदेराचा भोंगा. "आई, पाव घेऊन ये, मी थांबवते," ती म्हणायची. असे आम्ही तारे ओलांडत होतो.

आता तीन वर्षांपूर्वीच्या त्या काजूच्या मोसमाकडे येते.

तुम्हाला एप्रिलच्या शेवटी बाबांनी इथे आणले. त्यानंतरचे तुम्हाला थोडेफार आठवत असेल, आणि ते तुम्ही विसरलात तरी माझी हरकत नाही. पण त्याआधी, शाळेमुळे तुम्ही तिकडे होता आणि तुमची आई इथे माझ्यापाशी होती, ते दिवस फक्त माझ्याकडे आहेत. ते माझ्याबरोबर संपू नयेत असे वाटते.

तिकडच्या डॉक्टरांचे उपाय संपले होते. तिने स्वतःच ठरवले की काजूच्या मोसमात घरी जायचे. विमानातून उतरली ती चाकांच्या खुर्चीत, डोक्याला निळा रुमाल. मला पाहून पहिले वाक्य काय बोलली? "आई, विमानात तिसरा कप्तान असावा. फार हलवलं."

पेजेशिवाय तिच्या पोटात काही राहत नसे. उकड्या तांदळाची पेज, त्यात मिठातल्या कैरीची फोड. ती फोड ती खात नसे, नुसती जिभेला लावून परत वाटीत ठेवायची. मी औषधे वेळेनुसार डब्यांत लावून ठेवली होती, सकाळचा डबा, दुपारचा, रात्रीचा. ती त्या डब्यांना 'वस्त्या' म्हणायची. "आता कुठल्या वस्तीला लागायचं, कप्तान?" मी गोळी पुढे करायची. दुपारी आम्ही बोट पहिल्यापासून पुन्हा बघत होतो. हलणाऱ्या भिंती, ओघळलेला चंद्र. ती पाहता पाहता झोपी जायची आणि मी चित्र थांबवून तिच्या श्वासाकडे बघत बसायची. पडद्यावर कुणीतरी तोंड अर्धे उघडे ठेवून वाट पाहत असे.

मालिकेचा शेवटून दुसरा मोसम त्याआधीच संपलेला होता, आणि फार वाईट जागी संपलेला होता. बोट वाट चुकली होती. दिवे विझले, आवाज तुटला, सगळ्या बंदरांवरची माणसे आकाशाकडे बघत उभी, आणि पडदा काळा. शेवटचा मोसम कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हते. जगभरातले चाहते भांडत होते, अंदाज बांधत होते. चित्राचाही एक अंदाज होता, पण तो तिने मला सांगितला नाही. "सांगितला तर तू चुका काढशील," ती म्हणाली.

आपल्या डोंगरावरच्या काजूची भट्टी शाणूबाब लावतात; बोंडवांच्या रसाची हुर्राक, म्हणजे काजूची दारू, तेच गाळतात. तुम्ही त्यांना पाहिले आहे: कमरेला पंचा, कानावर विडी, आणि बोलताना समोरच्या माणसापेक्षा मागच्या झाडाकडे बघण्याची सवय. भट्टी पेटवण्याआधी बागेच्या टोकाला राखणदाराच्या घुमटीपाशी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे, ही इथली रीत. राखणदार म्हणजे या डोंगराचा रखवाला. शाणूबाब एकेक मागणे म्हणतात आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" असा होकार द्यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकत आले आहे. खरे सांगायचे तर शिकलेल्या माणसाने जसे ऐकावे तसे: मान राखून, थोडे लांब उभे राहून.

त्या वर्षी चित्रा म्हणाली, मलाही यायचे आहे. बोंडू वेचणाऱ्या बायकांनी तिला खुर्चीसकट उचलून चढणीवर नेले. गुलाबबाय सर्वांत पुढे. "हलका आसा गे आमचा चेडू," ती हसत म्हणाली आणि मग हसू तोंडावर तसेच ठेवून दुसरीकडे बघू लागली.

मी घरून निघतानाच ठरवले होते. शाणूबाबनी नारळ हातात घेतला तशी मी पुढे झाले. "शाणूबाब, हिला बरं वाटू दे, एवढं सांगा."

"तां मी सांगतलंय, टीचर. तुमचा मागून झाला." ते काजूच्या झाडाकडे बघत म्हणाले. "आता चेडवान आपल्या तोंडान सांगूक व्हया. काय गो बाये, तुका काय व्हया?"

चित्राने क्षणभर विचार केला. मग अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "एक बोट वाट चुकलीसा, शाणूबाब. ती बंदराक लागांदे."

मी तिच्याकडे वळून पाहिले. शाणूबाबना त्यात काहीच नवल वाटले नाही. पेडण्यात प्रत्येक वाड्यावरचा कुणी ना कुणी तारवटी म्हणून परदेशी जहाजावर गेलेला असतो. बोट म्हटले की इथे माणसे आठवतात. त्यांनी गंभीरपणे एवढेच विचारले, "आपले मनीस आसत बोटीर?"

"आसत," चित्रा म्हणाली.

शाणूबाबनी डोळे मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाच्या अंगात जा काय दुखणा रिगला आसा, तां बाराच्या वाटेन भायर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. मी लांब उभी नव्हते.

"आणि जी काय बोट वाट चुकान दर्यात रवलीसा, ती तिच्या तारवट्यांसकट सुखरूप बंदराक लाय. लागली काय तुका नारळ, केळ्यांचो घड आणि पयली हुर्राक दितलंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका ओरडल्या. त्या ओरडण्यात खरी कळकळ होती. परतताना गुलाबबायने खुर्चीजवळ वाकून हळूच विचारले, "बोटीर तुझो घोव आसा काय गे?"

"न्हय गे. घोव घराकच आसा. भांडी घासता."

"मगे कोण?"

"वळखीचे. ल्हानपणापासूनचे."

गुलाबबायने तिच्या गालावरून हात फिरवला. त्या हाताला बोंडवाचा रस होता. चित्राच्या गालावर संध्याकाळपर्यंत तो चिकट वास राहिला. मी पुसायला गेले तर तिने पुसू दिला नाही.

घरी आल्यावर मी रागावले. आपल्या साध्या माणसांची थट्टा करू नये, असे काहीतरी म्हणाले. आणि मग जे खरे बोलायचे होते ते बोलले. "स्वतःसाठी मागायचं सोडून हे काय मागितलंस?"

"माझ्यासाठी तू मागितलंस की. एकाच घरातून दोनदा तेच मागितलं तर देव कंटाळेल."

मी हसले नाही. तिने डोळे मिटले होते. झोपली असे वाटून मी चादर सारखी करत होते, तेव्हा ती म्हणाली, "थट्टा नव्हती, आई. शेवट येईल तेव्हा मी नसेन. रेवा, ईशान बघतील. मी नसताना बघतील. तेव्हा तरी बोट बुडायला नको."

रेवा, ईशान, तुमच्या आईने देवाकडे काय मागितले ते हे असे आहे. मला ते तुम्हाला तोंडी सांगता आले नसते.

त्यानंतर हुर्राक उतरली, डोंगरावर धूर दिसू लागला, बाजारात काजूगरांच्या भाजीचे दिवस आले आणि गेले. तुम्ही आलात. मे महिन्यात ती गेली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या वर्षी भट्टीच्या वेळी शाणूबाब अंगणात आले, पायरीवर बसले, आणि बराच वेळ माडाकडे बघून म्हणाले, "टीचर, बोट लागली काय?"

मला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा म्हटले, "अजून काही समजलं नाही." ते खरेच होते. त्याच्या पुढच्या वर्षीही त्यांनी विचारले आणि मी तेच उत्तर दिले. आता मला सांगा, त्यांना मी काय समजावणार होते? की ती बोट पुठ्ठ्याची होती? शाणूबाबनी दोन वर्षे ज्या माणसांची काळजी वाहिली ती माणसे नट होती आणि पगार घेऊन आपापल्या घरी गेली होती? तुमच्या आईने ज्यांना ओळखीचे म्हटले त्यांना मी खोटे ठरवायचे?

या हिवाळ्यात शेवटचा मोसम आला. तुम्ही लगेच पाहिलात, आणि शहाण्या मुलांसारखे मला एका शब्दाने काही सांगितले नाही. मी मात्र बघू शकले नाही. लोकांना वाटेल, लेकीची आठवण येईल म्हणून. छे, तिची आठवण यायला मला बोट लागत नाही, पेजेचे भांडे पुरते. कारण वेगळे होते आणि एका इंग्रजीच्या शिक्षिकेने ते कबूल करावे याची मला थोडी लाज वाटते. त्या सकाळी दोन मागणी एकाच नारळावर ठेवली गेली होती. बोट बुडाली असेल, तर आमचे काहीच कुणी ऐकले नाही, आणि शेवटचा हट्टसुद्धा तिच्या वाट्याला आला नाही. आणि बोट लागली असेल, तर राखणदार त्या सकाळी तिथे होता, त्याने ऐकले होते, आणि दोहोंतून त्याने पुठ्ठ्याची बोट निवडली. यांतले कुठलेही उत्तर घेऊन मला उरलेली वर्षे काढता येतील असे वाटत नव्हते. न बघितलेले बरे.

मग गेल्या आठवड्यात शाणूबाब आले. ते वाकले आहेत फार. आता मुलगा भट्टी बघणार म्हणाले. "राखणदाराक बोल्लंय तां दिवक व्हया, टीचर. माझ्या मागसून कोण दितलो?" आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी फोनवर रेवा रडली. "आजी, आईबरोबर तू बघायचीस. माझ्याबरोबर का नाही? मला कुणाशी बोलताच येत नाही त्याच्याबद्दल."

तेव्हा काल आपण फोनचा कॅमेरा लावून शेवटचा भाग पाहिला, माझी संध्याकाळ आणि तुमची सकाळ. तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहिते. रेवा तोंडात घास धरून होती, ईशान पांघरुणातून फक्त केस दाखवत होता. मी पाणी घेऊन बसले. बोट लागली. वेळापत्रकात नसलेल्या, कुठल्याशा लहान बंदराला लागली, निम्मे दिवे विझलेले, एक बाजू काळी पडलेली. धक्क्यावर कुणी बडे स्वागताला नव्हते, जाळी सुकवणारी दोन माणसे होती, त्यांनी दोर झेलला. मग एकेक जण उतरला. संगीत नव्हते. पायांचे आवाज होते.

"आजी? आवडलं?" रेवाने विचारले.

"मागचा डोंगर संगणकाने केलेला वाटतो," मी म्हटले.

तिकडून हुंदका आला आणि त्यातूनच हसू. "आई हेच म्हणाली असती!"

आज सकाळी मी नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन चढण चढले. बायका अजून आल्या नव्हत्या, गुलाबबाय आता लेकीकडे डिचोलीला असते. घुमटीपाशी फक्त शाणूबाब, हातात राखणदाराला दाखवायला आणलेली यंदाच्या पहिल्या हुर्राकीची बाटली.

"लागली," मी म्हटले.

त्यांनी पहिल्यांदाच झाड सोडून माझ्याकडे पाहिले. "तारवटी?"

"सगळे उतरले."

त्यांचा चेहरा उजळला. कुणा सख्ख्याची बातमी यावी तसा. डोळे पुसून त्यांनी केळी मांडली, आणि मांडता मांडता हात थांबला. "अर्धाच आयकल्यान म्हाराजान," ते हळू म्हणाले. "चेडवाचा नाय आयकल्यान."

"चेडवाचंच ऐकलं, शाणूबाब. माझं नाही ऐकलं."

त्यांनी बाटलीतली धार जमिनीवर सोडली, माती ती लगेच प्यायली. मग डोळे मिटून त्यांनी गाऱ्हाणे सुरू केले. बा राखणदारा म्हाराजा, लेकरान मागला तां तू दिलंस, तुझा तुका पावता केला, तां गोड मानून घे रे म्हाराजा.

आणि ते थांबले. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणे पुढे सरकत नाही, आणि होकार द्यायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हते. त्यांनी घाई केली नाही. डोळेही उघडले नाहीत. मुलांनो, मला ते दोन शब्द म्हणायला फार वेळ लागला. पण मी म्हटले.